गरोदरपणात सनस्क्रीन लावावे का? बाळावर काय परिणाम होतो?

मे महिन्यात नवीन जालन्यातील बाजारात जायचे तर पारा चाळिशीपार असतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे चेहऱ्यावर वांगही उठतात आणि उन्हाने ते गडद होतात. म्हणून सनस्क्रीनची गरज पडते. मग घरात प्रश्न येतो: हे पोटातल्या बाळाला चालेल का?

त्वचेतून रक्तात काय जाते?

सनस्क्रीन दोन प्रकारचे असते. खनिज प्रकारात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते. ते त्वचेच्या वरच्या थरावरच राहते, रक्तात जवळजवळ उतरत नाही. रासायनिक प्रकारात ऑक्सिबेन्झोन, अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रायलिन असे घटक असतात. हे घटक रक्तात शोषले जातात, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या 2019 आणि 2020 च्या अभ्यासांत दिसले. त्यांत ऑक्सिबेन्झोनचे प्रमाण सर्वाधिक होते. ते नाळेतील रक्तात आणि आईच्या दुधातही आढळले आहे.

बाळाला धोका आहे का?

रक्तात आढळले म्हणजे अपाय झालाच असे नाही. काही अभ्यासांत ऑक्सिबेन्झोनचा बाळाच्या जन्मवजनाशी किंवा गर्भकाळाच्या लांबीशी संबंध दिसला. पण निष्कर्ष एकसारखे नाहीत. कुठे वजन कमी, तर कुठे जास्त दिसले. म्हणून आधी वापरले असेल तर घाबरू नका. पुढे मात्र सुरक्षित पर्याय निवडा.

काय करावे?

- वेष्टनावरील घटक वाचा. ऑक्सिबेन्झोनचे दुसरे नाव बेन्झोफेनोन-3 आहे; ते टाळा.
- झिंक ऑक्साइडचे, एसपीएफ 30 किंवा जास्त असलेले क्रीम घ्या. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.
- फवारा टाळा. त्यातील कण श्वासातून आत जातात.
- सकाळी 11 ते दुपारी 4 बाहेर जाणे टाळा. जावेच लागले तर स्कार्फ, सनकोट, छत्री घ्या. कापड झाकते तिथे क्रीम लागत नाही. पाणी भरपूर प्या.

याहून मोठा धोका

वांग घालवण्यासाठी घटक न छापलेले 'गोरे करणारे' क्रीम कधीही लावू नका. त्यात पारा असू शकतो. पारा नाळेतून बाळापर्यंत पोहोचतो आणि बाळाच्या मेंदूला व मूत्रपिंडाला इजा करू शकतो. अकोल्यात एकाच कुटुंबातील तीन महिलांची मूत्रपिंडे अशा क्रीममुळे बिघडल्याचे 2023 मध्ये समोर आले. वांग बहुतेकदा बाळंतपणानंतर फिके होतात.

बाळ झाल्यावर

सहा महिन्यांपर्यंत बाळाला सनस्क्रीन लावू नका. सावलीत ठेवा, सुती टोपडे व अंगभर कपडे घाला.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

क्रीमने खाज, पुरळ किंवा सूज आली तर ते लगेच धुऊन थांबवा व डॉक्टरांना दाखवा. पारा असलेले क्रीम वापरल्याची शंका असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता ती डबी घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.