तोंडचं रान आणि मागचं रान

जुन्नर-आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात शेताची गाडीवाट पूर्वी वर्षभर नसायची. फाल्गुनात ज्वारी खळ्यावर गेली की रान मोकळं व्हायचं आणि मृग लागेपर्यंत बैलगाडी कुठूनही हाकता यायची. शेणखताच्या गाड्या चैत्र-वैशाखात याच उघड्या रानातून मागच्या वावरात जायच्या. एकदा पेरणी झाली की गाडी बंद. मग माणसं आणि बैल बांधाबांधाने जायचे आणि भारा डोक्यावरून यायचा. मळणीचं खळं शेतातच असल्यामुळे कणसं लांब वाहून नेण्याची घाई नसे. ज्याचं रान रस्त्याच्या तोंडाशी, त्याने आधी काढणी करायची आणि मागच्याच्या गाडीला वाट द्यायची, असा बहुतेक शिवारांत रिवाज होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता, कारण लिहिण्याची गरज पडली नव्हती.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोक मोजणीदार म्हणतात. नोकरीतली बरीच वर्षं मीना, कुकडी आणि घोड या तीन नद्यांच्या काठच्या गावांत गेली. मोजणीचा अर्ज हद्दीचा असतो, पण बांधावर उभं राहिलं की दोनपैकी एका ठिकाणी खरं भांडण वाटेचं निघतं. या भांडणाला शेतकऱ्याचा भांडखोर स्वभाव कारण आहे, असं शहरातले लोक सहज बोलून जातात. मला ते कधीच पटलं नाही. यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो कागदांत दिसतो.

मराठेशाहीत जमिनीचे तंटे गोतसभेपुढे यायचे. देशमुख, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसायचे, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. त्यावर पाटलाची निशाणी नांगर, बलुतेदारांची त्यांच्या त्यांच्या अवजारांची. महजरांत शिवेची भांडणं भरपूर सापडतात. शीव कुठून जाते हे सांगण्याचा मान महारांचा होता. शपथ घेऊन ते शीव चालून दाखवायचे आणि तो शब्द पाटलालाही मानावा लागायचा. गावाची सगळी जमीन ज्याच्या पायाखालची, त्याचा शब्द हाच नकाशा होता. पुढे त्याच माणसांच्या वाट्याला जमिनी किती आल्या, हा वेगळा आणि फार दुःखाचा विषय आहे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांचा अंमल आला. प्रिंगलची पहिली मोजणी फसल्यावर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नवी मोजणी सुरू केली आणि तीच पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. एका बैलजोडीने कसता येईल एवढा तुकडा धरून त्याला सर्व्हे नंबर दिला. हद्दीवर दगड रोवले, बांध ठेवायला लावले. सरकारला सारा हवा होता, त्यामुळे कोण किती जमीन कसतो हे बारकाईने लिहिलं गेलं. तो त्या जमिनीत कुठून शिरतो, याचा सरकारला उपयोग नव्हता.

गावनकाशावर रस्ते आहेत, नाही असं नाही. जोडरेषेचा रस्ता ३३ फुटांचा, तुटक दुहेरी रेषेची गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फुटांची, तुटक एकेरी रेषेची पायवाट सव्वाआठ फुटांची. हे आकडे साखळीतून आलेत. आमची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. म्हणजे पायवाट ही चार आण्यांची. पण या बहुतेक रेषा गावातून गावाला, वस्तीतून नदीला जाणाऱ्या. आपल्या वावरात जायची वाट त्यांत सापडेल या आशेने लोक नकाशा उलगडतात आणि नाराज होतात.

सर्व्हे नंबर एका कुटुंबाचा होता तोवर हे निभावलं. मग वाटण्या झाल्या. वाटणी करताना पंच मातीचा कस बघतात, विहिरीतला हिस्सा ठरवतात, आंब्याच्या झाडाचीही वाटणी लावतात, पण मागच्या भावाची गाडी कुठून जाणार हे लिहीत नाहीत. सख्खे भाऊ एकमेकांना अडवतील, हा विचार त्या दिवशी कुणाच्या मनात येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले. तुकडे जोडले गेले, जुने बांध काही ठिकाणी मोडले, आणि बांधावरून चालणारी वाट अचानक कुणाच्या तरी गटाच्या मध्यावर आली.

तरीही हंगाम शिल्लक होता. तो गेला पाण्याने.

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं – येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे – यांनी या भागाला जे दिलं ते मी कमी लेखणार नाही. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव त्याचं आणि कचेरी घोडेगावात. तिथल्या माणसांच्या तर वाटाच पाण्याखाली गेल्या. खाली मात्र बाजरी-मटकीच्या रानात ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं आली. विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार नावारूपाला आला. रान बारा महिने हिरवं झालं आणि मोकळं रान नावाची गोष्टच संपली. तोंडच्या शेतात कांदा उभा आहे आणि मागच्या शेतातल्या उसाला तोड आली आहे. कारखान्याचा कार्यक्रम कांद्यासाठी थांबत नाही. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं. ऊसतोड टोळीतल्या बायका मोळ्या डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणतात आणि त्याची वेगळी मजुरी द्यावी लागते. ही नड ओळखून वाटेचे पैसे मागणारेही मी पाहिले.

मीना नदीकाठच्या एका गावातली मोजणी सांगतो. गाव आणि माणसं तशीच राहू देत. दोन चुलतभावांचा गट, एक रस्त्याला लागून, दुसरा मागे. घाणेरीच्या जाळीत हद्दीचा दगड सापडला, तिथून साखळी धरली. मोजणीच्या जुन्या टिपणाप्रमाणे बांध सरळ यायला हवा होता. जागेवर तो हातभर उरला होता, कारण दोन्ही बाजूंनी दरवर्षी नांगराचं एकेक तास बांध कोरत गेलं होतं. त्यात पुढच्याने द्राक्षाचा मांडव केलेला. मांडवाच्या तारांचे ताण बांधावर पुरलेल्या दगडांना बांधलेले. माणूस वाकून जाईल, बैल जाणार नाही, ट्रॅक्टरचं तर नावच नको. मागचा म्हणाला, “माझ्या आज्यापासूनची वाट आहे.” पुढचा म्हणाला, “दाखव मग कुठून होती.” दोघांची चुलती बांधावर बसली होती. तिला विचारलं, तर म्हणाली, “साहेब, वाट दावायची म्हंजी काय दावायची? ज्वारी निघाली का आख्खं रान वाट व्हती.”

त्या बाईचं म्हणणं अक्षरशः खरं होतं आणि त्याच कारणाने पंचनाम्यात उतरत नव्हतं. कायद्याला रेषा लागते. मी मोजणी नकाशाची ‘क’ प्रत तयार करून दिली, तीत हद्द दाखवली. मोजणीने वाट मिळत नाही, हे मी दोघांना सांगितलं. वाट देण्याचा अधिकार तहसीलदारांचा.

तो अधिकार जुना आहे. १८६४ च्या कायद्याने मामलेदाराला, म्हणजे आजच्या तहसीलदाराला, कब्जाचे दावे चालवायला दिले, त्यात १८७६ मध्ये बदल झाले आणि १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आजही लागू आहे. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर त्याच्या कलम ५ खाली अडथळा काढून घेता येतो. वाट मुळात नसेलच, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. त्यात तहसीलदार शेजारच्या जमिनीच्या बांधावरून वाट ठरवून देतात आणि जागा शक्यतो दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी घेतली जाते. निर्णय मान्य नसणाऱ्याला एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १३ तर वाटणीतल्या भावांसाठीच असल्यासारखं आहे: एकत्र मिळकतीची वाटणी झाल्यावर एकाच्या हिश्श्यातून गेल्याशिवाय दुसऱ्याला आपला हिस्सा कसता येत नसेल, तर वाटेचा हक्क कायद्यानेच मिळतो. हे कलम मी कितीतरी बांधांवर तोंडी सांगितलं. ऐकणाऱ्यांत ते आधी माहीत असलेला माणूस क्वचितच भेटला.

वाट देणाऱ्याची बाजूही नीट मांडली पाहिजे. सव्वाआठ फुटांची वाट चार साखळ्या, म्हणजे १३२ फूट गेली की बरोबर एक गुंठा जमीन खाते. निम्मी-निम्मी घेतली तरी अर्धा गुंठा. ज्याच्याकडे वीस गुंठे बागायत आहे, त्याला हा तोटा डोळ्यांना दिसतो. म्हणून मोबदल्याची बोलणी किंवा जमिनीची अदलाबदल करून मिटवणाऱ्यांना मी नेहमी पाठिंबा दिला. कोर्टाच्या तारखांत गुंठ्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसा जातो आणि दोन घरांतलं येणंजाणं तुटतं ते वेगळंच.

२२ मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद द्यावा आणि त्याची नोंद सात-बाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी असं सांगितलं आहे. रुंदी ट्रॅक्टर बघून वाढवली, ते योग्यच. पण माझ्या मते मोठी गोष्ट नोंदीची आहे. ज्वारीच्या हंगामावर चालणारा तोंडी रिवाज आता परत येणार नाही. त्याची जागा कागदच घेऊ शकतो.

तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या शेतकरी बांधवांना आणि भगिनींना माझी विनंती आहे. घरात वाटणी होणार असेल तर वाटणीपत्रात चतुःसीमा लिहिता तशी वाटही लिहा: कोणत्या बांधाने, किती फूट, गाडीची की पायी. ज्यांनी जुनी वहिवाट डोळ्यांनी पाहिली ती माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचे जबाब तलाठ्यापुढे याच वर्षी होऊ द्या. सलोख्याने वाट ठरली असेल तर तिची सात-बाऱ्यावर नोंद करून घ्या, पुढची पिढी सलोख्यातली असेलच असं नाही. आणि कुणी वाट अडवलीच, तर भाऊबंदांची मनधरणी करत वर्ष घालवू नका. मामलेदार कोर्टात दावा करण्याची मुदत अडवल्यापासून सहा महिन्यांची आहे.