युनिक्सचें माहितीपुस्तक

गतवर्षींचें पंचांग पाहून यंदाची एकादशी धरणाऱ्या मनुष्यास आपण हंसतों. परंतु संगणकाचा प्रोग्राम वापरणाराची अशी फसगत वारंवार होत असते. प्रोग्राम बदलत जातो, एकाच नांवाखालीं त्याचीं अनेक रूपें निरनिराळ्या यंत्रांवर नांदूं लागतात, आणि माहितीपुस्तक मात्र आपण कोणत्या रूपाविषयीं बोलत आहों हें सांगतच नाहीं. असें पुस्तक असण्यापेक्षां नसलेलें बरें. ह्या अडचणीस ज्यांनीं आरंभापासून विचारपूर्वक तोंड दिलें, त्यांत युनिक्सकर्त्यांची गणना केली पाहिजे.

युनिक्स ही संगणकाचा सर्व कारभार चालविणारी प्रणाली. ती अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं १९६९ पासून उभारली. तिच्या पहिल्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पुस्तकाचे सात विभाग होते. पहिल्यांत वापरणाराच्या आज्ञा, चौथ्यांत तबकड्या, फिती इत्यादि उपकरणें, पांचव्यांत फायलींची घडण, असा कांहींसा क्रम. प्रत्येक आज्ञेची नोंद स्वतंत्र, व तीवर तिची स्वतःची तारीख. पानांस ग्रंथभर सलग आंकडे नव्हते. त्यामुळें एक नोंद बदलली तरी शेजारचीस धक्का लागत नसे. नोंदींत नांव, रूप, वर्णन, आणखी कोठें पाहावें, अशीं ठराविक सदरें असत, आणि त्यांतच एक सदर दोषांचें! आपल्याच कृतीचे दोष निराळें सदर काढून छापणारे ग्रंथकार आमच्या पाहण्यांत तरी फार थोडे आहेत.

१९७२ च्या जूनमध्यें दुसरी आवृत्ति निघाली तेव्हां युनिक्स अवघ्या दहा ठिकाणीं चालत होती. प्रणालींत फेरफार तर सारखे चालूच. मग आजची प्रणाली कोणती व कालची कोणती, हें ओळखावें कसें? तोड मौजेची निघाली. पुस्तकाची जी आवृत्ति, तीच प्रणालीची ओळख. सहावी आवृत्ति (१९७५) व सातवी आवृत्ति (१९७९) हीं नांवें पुस्तकाचीं. परंतु जाणते लोक तीं प्रणालीचींच म्हणून घेतात. विषयावरून ग्रंथास नांव पडतें हा नित्याचा क्रम. येथें ग्रंथावरून विषयास पडलें.

घर एक होतें तोंवर हें सर्व सुरळीत चाललें. पुढें युनिक्स नव्या यंत्रांवर गेली आणि तिच्या शाखा फुटल्या. बर्कले येथील विद्यापीठानें आपली शाखा वाढविली. मूळ मालक कंपनीनें १९८३ मध्यें 'सिस्टिम फाइव्ह' विक्रीस काढली. बर्कलेनें जुने विभाग तसेच ठेवले. कंपनीच्या पुस्तकांत मात्र फायलींची घडण चौथ्या विभागांत व उपकरणें सातव्यांत गेलीं. हा फरक दिसावयास क्षुल्लक. परंतु विभागाचा आंकडा म्हणजे नोंदीचा पत्ताच होता. वापरणारांच्या नांवांची फाइल कशी असते हें पाहण्यास एका घरीं पांचवा विभाग उघडावा, तर दुसऱ्या घरीं चौथा! सिस्टिम फाइव्हच्या वळणावर गेलेल्या सोलारिस प्रणालीनें २०१८ मध्यें, म्हणजे पस्तीस वर्षांनीं, आपले आंकडे बदलून बर्कलेच्या क्रमाशीं जुळविले. ज्यांनीं मधल्या काळांत दोन्ही घरीं चाकरी केली त्यांच्या त्रासाची मोजदाद कोणीं केली असेल असें वाटत नाहीं.

निरनिराळ्या यंत्रांचा प्रश्न बर्कलेनें अधिक समजुतीनें सोडविला असें आमचें मत आहे. सामान्य आज्ञांचें वर्णन सर्वांस एकच. यंत्रागणिक बदलणारीं उपकरणें तेवढीं चौथ्या विभागाच्या पोटांत यंत्राच्या नांवानें वेगळीं ठेवलेलीं. पुढें त्याच परंपरेंतील नोंदींत 'इतिहास' असें एक सदरही आलें. ओपनबीएसडी नांवाच्या तिच्या वंशजांत फायलींची यादी दाखविणाऱ्या आज्ञेची नोंद उघडावी, तर त्या आज्ञेची पूर्वपीठिका तेथें अद्यापि लिहिलेली आढळते.