किल्ला कोणाचा, भूत कोणाचं?

आमच्या भिवापुरात लहानपणी दिवेलागणीनंतर गावाबाहेरच्या एका पडक्या भिंतीकडे जायला मला बंदी होती. "तिकडे नको जाऊ बाबू, गोंड राजाचं भूत धन राखत बसलं आहे," असं आजी सांगायची. भीती वाटायची आणि मजाही यायची. एकदा शाळेत मी ही गोष्ट रंगवून सांगत होतो. शेजारच्या बाकावरचा गोंड मित्र शेवटपर्यंत गप्प होता. मग एवढंच म्हणाला, "तुझं भूत म्हणजे आमचा आजा आहे बे." सगळे हसले, मीही हसलो. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे एक इंग्रजी कादंबरी वाचावी लागली.

होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' 1764 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. पडका वाडा, भुयार, शाप, भूत आणि या सगळ्यात अडकलेली प्रेमकथा, असा जो प्रकार आज आपण 'गॉथिक' म्हणून ओळखतो, त्याची सुरुवात या कादंबरीपासून मानतात. वॉलपोलने आधी स्वतःचं नाव लपवलं. हे 1529 साली नेपल्समध्ये छापलेल्या जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर आहे, अशी थाप त्याने मारली. पुस्तक खपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत खरं काय ते सांगितलं.

कथा सुरू होते लग्नाच्या दिवशी. ओट्रँटोचा राजा मॅनफ्रेड याच्या मुलावर आकाशातून एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळतं आणि नवरदेव जागीच ठार होतो. वंश बुडू नये म्हणून मॅनफ्रेड मुलाच्या वाग्दत्त वधूशी स्वतःच लग्न करायला निघतो, आणि ती भुयारातून पळ काढते. शंभर माणसांनी उचलावी लागणारी तलवार येते, तसबिरीतला पूर्वज चौकटीतून खाली उतरतो. शेवटी उलगडा होतो. मॅनफ्रेडच्या आजोबाने खऱ्या मालकाला, अल्फॉन्सोला, विष घालून हा किल्ला बळकावलेला असतो. भूत त्या अल्फॉन्सोचं. खरा वारस निघतो तो साधा शेतकरी समजला गेलेला तरुण.

पुस्तक मिटल्यावर मला सातबारा आठवला. भूत कशासाठी येतं? वारसाची नोंद राहून गेली म्हणून. गॉथिक कादंबरीतली भीती खरी असते ती आज घरात राहणाऱ्याची. घर आपलं नाही, हे त्याला आतून माहीत असतं.

मराठीत पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड'. ती 1871 ची. काळ शिवाजी महाराजांचा, पण गड आणि माणसं कल्पनेतली. तेव्हापासून मराठी ऐतिहासिक कादंबरी गडांवर रमली, आणि ते बहुतेक गड सह्याद्रीतले. आमच्या बाजूच्या गोंड किल्ल्यांच्या वाट्याला मात्र मुख्यतः आजीच्या भुताच्या गोष्टीच आल्या.

खरं तर ओट्रँटोच्या तोडीची कथा आमच्या शेजारीच घडली. भिवापूर नागपूर जिल्ह्याच्या टोकाला आहे. पुढे नागभीड, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. गोंडांच्या काळात उत्तरेला देवगडचं राज्य होतं, दक्षिणेला चांद्याचं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्याच्या गादीवर आलेल्या बीरशहाने आपली मुलगी देवगडच्या राजघराण्यात दिली होती. परंपरेने चालत आलेली कथा अशी, की सासरी तिचा अपमान झाला. बीरशहाने जावयाचं शिर महाकालीला वाहण्याची शपथ घेतली, लढाई जिंकली आणि शपथ पुरी केली. पुढे बीरशहा दुसरं लग्न करायला निघाला, तेव्हा ऐन लग्नात हिरामण नावाच्या रजपुताने त्याला ठार केलं. या हिरामणकडे मंतरलेली तलवार असल्याचा बोलबाला होता. लग्न, तलवार, शाप शोभेल अशी शपथ, सगळं इथे आहे. वॉलपोलला ते रचावं लागलं होतं.

ही कथा इंग्रजी कागदांवर आली ती मेजर लूसी स्मिथ या अधिकाऱ्याच्या 1869 च्या अहवालाच्या काळात. तो अहवाल होता चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचा. म्हणजे जमीन कोणाची आणि सारा किती, हे ठरवताना जुन्या मालकांची गोष्ट लिहिली गेली. तोवर मालक दोनदा बदलले होते. 1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि 1854 मध्ये भोसल्यांचं राज्य कंपनीने खालसा केलं.

पण चांद्याची कथा ओट्रँटोपेक्षा वेगळ्या ठिकाणी संपते. बीरशहाची राणी हिराई मागे राहिली. तिने रामशहाला दत्तक घेतलं, तो लहान असेपर्यंत कारभार पाहिला आणि नवऱ्याची समाधी बांधली. चंद्रपुरात अचलेश्वर दरवाज्याजवळ ती आजही उभी आहे. दुसरं लग्न करायला निघालेल्या नवऱ्यासाठी तिने एवढी देखणी वास्तू का उभारली असेल? कादंबरी लिहायची तर ती या प्रश्नावर लिहावी लागेल. तिथे भुताची गरज नाही.

आणि वारसही हरवलेले नाहीत. देवगडच्या गोंड राजघराण्याचे वंशज नागपुरात राहतात. गोंडी परंपरेत मेलेल्या माणसाला विधी करून कुळाच्या पेनात, म्हणजे देवात, सामील करून घेतात. माझ्या मित्राने 'आजा' म्हटलं ते गंमत म्हणून नव्हतं. जिवंत माणसांच्या पूर्वजाला आम्ही भूत ठरवलं होतं, आणि भूत ठरवलं की त्याची जमीन कुठे गेली हे कोणी विचारत नाही.

मागच्या दिवाळीत माझ्या पुतण्याने मला त्या भिंतीबद्दल विचारलं. मी त्याला हिराईची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "मग भूत कुठे आहे?" मी म्हटलं, "भूत नाही. तिथे कोणीतरी राहत होतं."