मोटेची सोंड

1526 मध्ये बाबर आग्र्याला पोहोचला आणि तिथली मोट पाहून त्याला किळस आली. एक माणूस बैल हाकतो, दुसरा वर आलेली मोट ओततो, आणि बैलाच्या शेणामुतात लोळलेला दोर परत विहिरीत उतरतो, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. लाहोर-सरहिंदकडच्या रहाटाचे वर्णन करताना त्याने असे नाक मुरडलेले नाही.

आपल्याकडच्या मोटेला तो ओतणारा माणूस लागत नाही. त्याचे काम सोंड करते. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, वर रुंद तोंड आणि बुडाला उघडी, लांब सोंड. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोल. नाडा उंचावरच्या चाकावरून येतो, सोल खाली काठालगतच्या कण्यावरून, आणि दोन्ही एकाच जुवाला बांधलेले. त्यांची लांबी अशी राखलेली असते की मोट वर येईपर्यंत सोंड दुमडून तोंडाच्या पातळीला उभी राहते, थेंब सांडत नाही. काठाशी आल्यावर मोट चाकाकडे चढत जाते, सोंड मात्र कण्यावरून काठावरच्या कुंडाकडे, थारोळ्याकडे, ओढली जाते आणि शंभरावर लिटर पाणी एकदम मोकळे होते. मोटेवर एक जण आणि तिकडे रानात दारे धरणारा एक, एवढ्यावर मळा भिजतो.

वाचलेले कष्ट बैलांच्या वाट्याला गेले. भरली मोट ओढताना धावेचा, म्हणजे बैलांच्या वाटेचा, उतार कामी येतो. मोटकरी नाड्यावर बसतो, त्याचेही वजन जोडीला मिळते. पण परतताना बैल वळवले तर दोर गुंततात. म्हणून पाठ विहिरीकडेच ठेवून, चढावर, एकेक पाऊल मागे टाकत यायचे. बैलाला हे शिकवावे लागे, आणि मोटेला सरावलेल्या जोडीला बाजारात वेगळा भाव असे. मोटेवरची गाणी फार गोड आहेत हे खरे. ती म्हणायला बैल नव्हते.

कोकणात मोट फारशी का दिसत नसे? आगरातल्या विहिरीला पाणी हाताशी असते. तिथे गाडग्यांची माळ लावलेला रहाट पुरे, त्याभोवती एखादा बैल किंवा रेडा फिरत राही. घाटावर काळा पाषाण फोडून खोल जावे लागते, म्हणून तिथे मोट. तेराव्या शतकातल्या अरणच्या सावता माळ्यांच्या नावावरच्या अभंगात मोट आणि नाडा आहेत ते या घाटावरच्या मळ्यातले. साताऱ्याजवळ लिंब इथे वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली बारा मोटांची विहीर सुमारे 110 फूट खोल आहे. बारा मोटा म्हणजे निदान चोवीस बैल, तेही पाळी न बदलता. पाणी आमराईला जाई असे सांगतात. त्या चोवीस जणांच्या वैरणीचा हिशेब कोणी सांगत नाही.

एक मोट चालायची तर निम्मे गाव लागे. कातडे ढोराने कमावायचे, मोट चांभाराने शिवायची, नाडा आणि सोल मांगाने वळायचे, चाक आणि कणा सुताराचा. मोबदला सुगीत, धान्याच्या रूपात. ज्यांच्या हातची मोट आणि दोर विहिरीत बुडत, त्यातल्या अनेकांना त्याच विहिरीवर पाणी भरता येत नसे. कातड्याला तेल पाजून जपले तरी ते कुजे, फाटे. पुढे पत्र्याची मोट आली, सोंड तेवढी चामड्याची उरली, आणि चांभाराचे काम ठिगळापुरते राहिले. किर्लोस्करवाडीला 1920च्या दशकात पंप बनू लागले तरी मोटेचा खरा निकाल लावला तो तेलावरच्या इंजिनांनी आणि स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी आलेल्या विजेने.

बैल सुटले, ते बरेच झाले. फक्त मोटेला बैलांच्या दमाची मर्यादा होती. दुपारी जोडी सोडली की संध्याकाळपर्यंत झरे विहीर पुन्हा भरून काढत. पंपाला दम लागत नाही. तळ दिसू लागला तशी माणसे आधी विहिरी खोल करू लागली आणि मग बोअर मारू लागली.