पुराणोक्त मंत्र, पाण्याचा हौद आणि चहा : कोल्हापुरातील श्रद्धेची परीक्षा

१/ आपण ज्या धर्मावर श्रद्धा असल्याचे सांगतो, त्या धर्माप्रमाणे वागतो का? शाहूकालीन कोल्हापुरात हा प्रश्न नदीच्या घाटावर उभा राहिला आणि पुढे चहाच्या दुकानापर्यंत पोहोचला.

२/ १८९९, कार्तिक महिना. शाहू महाराज पंचगंगेवर स्नानास गेले होते. पुरोहित वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांच्या ध्यानात आले. पुरोहिताने स्वतः स्नानही केले नव्हते. खुलासा असा, की शूद्रांसाठी पुराणोक्त मंत्रच म्हणायचे आणि त्यासाठी स्नानाची गरज नाही.

३/ म्हणजे पुरोहिताची शुचिता देवावर नव्हे, यजमानाच्या जातीवर अवलंबून होती. यातूनच वेदोक्त प्रकरण पेटले.

४/ मात्र सारेच विरोधक ढोंगी होते, असे म्हणता येत नाही. राजोपाध्ये यांनी वेदोक्त विधी करण्यास अखेरपर्यंत नकार दिला आणि १९०२ मध्ये त्यांची इनामे जप्त झाली. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिले. श्रद्धेसाठी किंमत मोजणारा माणूसही अन्यायाच्या बाजूस असू शकतो.

५/ आता दुसरी बाजू. वेदोक्ताचा हक्क मागणाऱ्या मराठा समाजाने समतेचे तेच माप खालच्या पायरीवरील माणसास लावले का? महाराजांच्याच पागेत नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या हौदाला स्पर्श केला, म्हणून त्यांना मारहाण झाली. मारणाऱ्यांत मराठाही होते.

६/ महाराजांनी गंगाराम यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. तिथे सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. धन्याने घेतलेला चहा नाकारणे त्यांना अवघड होते.

७/ त्या मानकऱ्यांचे मन पालटले की केवळ वर्तन, हे सांगणे कठीण. महाराजांनी मात्र मन पालटण्याची वाट पाहिली नाही. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा आणि दवाखाने यांत अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम त्यांनी काढले. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी राहिली. पाण्यावरचा हक्क मात्र तिच्या मर्जीवर ठेवला गेला नाही.