शर्यतीचे स्वार आणि लोकांची स्मृती

घोड्यांच्या शर्यतींचा इतिहास बहुधा घोड्यांच्या वंशावळी आणि त्यांच्या धन्यांचे वैभव ह्या दोन गोष्टींभोवती लिहिला जातो. ज्याच्या मांडीखाली तो घोडा धावला त्या स्वाराचे नाव निकालाच्या कोष्टकात एका कोपऱ्यात असते. परंतु शर्यत पाहावयास आलेल्या लोकांच्या आठवणींकडे वळले म्हणजे हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. एप्समच्या टेकडीवर उभे राहून ज्यांनी एखादा शिलिंग लावला, त्यांस घोड्याचा बाप कोण हे ठाऊक नसे आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नसे. स्वार मात्र ते दुरून ओळखीत. त्याच्यावर प्रेम करीत, त्याला शिव्या देत आणि म्हातारपणी नातवंडांस त्याच्या गोष्टी सांगत. घोडा तीनचार हंगामांत मैदानावरून नाहीसा होतो, स्वार वीसपंचवीस वर्षे डोळ्यांसमोर राहतो, हेही त्याचे एक कारण असेल. ह्या रागलोभाचा इतिहास मला निकालांच्या कोष्टकांहून अधिक वाचनीय वाटतो. विषय जुगाराशी निगडित म्हणून सभ्य मासिकास वर्ज्य, असे कोणी म्हणेल, तर द्यूतावाचून महाभारत घडत नाही एवढेच उत्तर पुरे.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंग्लंडात जॉकी म्हणजे पागेतला एक चाकर. धन्याने सांगावे, त्याने बसावे. ह्या चाकरीतून प्रथम डोके वर काढले ते सॅम्युअल चिफनी ह्याने, आणि लोकांच्या रोषाचा पहिला मोठा धनीही तोच झाला. हा पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या युवराजाचा स्वार. १७९१ च्या ऑक्टोबरात न्यूमार्केट येथे युवराजाचा ‘एस्केप’ नावाचा घोडा, ज्याचा विजय सर्वांनी गृहीत धरला होता, सपशेल हरला. दुसऱ्या दिवशी तोच घोडा, तोच स्वार, आणि आदल्या दिवसाच्या पराभवामुळे भाव चढलेला. ह्या वेळी मात्र तो जिंकला. मग काय विचारता! आदल्या दिवशी लगाम मुद्दाम आवळला, असा गवगवा झाला. जॉकी क्लबच्या सर चार्ल्स बन्बरी ह्यांनी युवराजास कळविले की, चिफनी ह्यापुढे आपल्या घोड्यांवर बसणार असेल तर कोणी सभ्य गृहस्थ आपल्याविरुद्ध घोडा उतरविणार नाही. युवराजाने न्यूमार्केट सोडले, पण चाकरास दोष दिला नाही. वर्षाला दोनशे गिनींची नेमणूक मात्र करून दिली. पहिल्या दिवशीची शर्यत दोन मैलांची होती आणि दुसऱ्या दिवशीची चार मैलांची, ही साधी गोष्ट त्या गदारोळात फारच थोड्यांनी विचारात घेतली. लबाडी सिद्ध अशी कधी झालीच नाही. परंतु चिफनी आढ्यताखोर होता. स्वतःच्या थोरवीविषयी त्याने पुढे १८०४ मध्ये एक पुस्तकच लिहिले. आणि आढ्यताखोर माणसावरील आरोपास लोक पुरावा मागत नाहीत. १८०७ मध्ये तो कर्जापायी लंडनच्या फ्लीट तुरुंगात मरण पावला. उधळ्या घोड्यास आवरण्यासाठी त्याच्या नावाची लगामाची कडी आजही पागांतून वापरतात. ती हाताळणाऱ्या मोतद्दारांपैकी कितीजणांस तो माणूस ठाऊक असेल?

पुढे आगगाडी आली, तारायंत्र आले, पेनीला मिळणारी वर्तमानपत्रे आली, आणि स्वार हा साऱ्या देशाच्या ओळखीचा माणूस झाला. ह्या नव्या युगाचा पहिला नायक म्हणजे फ्रेड आर्चर. त्याचा जन्म १८५७ मध्ये चेल्टनम येथे झाला. बापही स्वारच, १८५८ ची ग्रँड नॅशनल त्याने जिंकलेली. अकराव्या वर्षी पोराला न्यूमार्केटच्या मॅथ्यू डॉसन ह्या शिक्षकाच्या पागेत उमेदवारीस ठेवले. १८७४ पासून १८८६ पर्यंत सलग तेरा वर्षे सर्वांत अधिक शर्यती जिंकणारा स्वार तोच. ८,०८४ वेळा तो घोड्यावर बसला आणि २,७४८ वेळा जिंकला, म्हणजे दर तिसऱ्या खेपेस विजय! पाच डर्बी त्याच्या नावावर आहेत. ‘आर्चर स्वार आहे’ हे त्या काळच्या लंडनच्या बोलीत ‘सर्व ठीक आहे’ ह्या अर्थी रूढ झाले. हा मान कोणा प्रधानासही मिळाला नाही.

पण ह्याच माणसास लोक दुसऱ्या एका नावानेही हाक मारीत. ‘टिन’ म्हणजे बाजारबोलीत पैसा. म्हणून आर्चर हा ‘टिनवाला’. तो पैशाचा लोभी होता, मैदानावर निर्दय होता, चाबूक आणि टाच चालविताना घोड्याची गय करीत नसे. १८८० च्या डर्बीपूर्वी काही आठवडे ‘म्यूली एड्रिस’ नावाच्या घोड्याने त्याचा दंड चावून फोडला. पूर्वीच्या माराचा सूड त्या जनावराने उगविला असे सांगतात. तशा जायबंदी हाताने आर्चर ‘बेंड ऑर’वर बसला आणि ती डर्बी त्याने केवळ डोक्याच्या अंतराने जिंकली. जनावराने घेतलेला सूड आणि स्वाराने दाखविलेली छाती ह्या दोन्ही गोष्टी लोक एकाच दमात, तितक्याच कौतुकाने सांगत आले आहेत. आपल्या आवडत्या माणसाचे दोष लोकांस दिसत नाहीत असे आपण म्हणतो. मला तर त्यांस ते पुरते दिसतात आणि तरीही ते त्याला सोडीत नाहीत, असे वाटते.

ह्या वैभवाची किंमत काय होती हे मैदानावरील गर्दीस ठाऊक नव्हते. आर्चर उंच होता, जवळजवळ पावणेसहा फुटांचा. हिवाळ्यात त्याचे वजन अकरा स्टोनांच्या आसपास जाई आणि हंगाम सुरू होताच ते साडेआठांच्या घरात आणावे लागे. म्हणजे तीस पौंडांहून अधिक मांस दर साली अंगावरून उतरवावयाचे! उपवास, वाफेची स्नाने आणि ‘आर्चरचे मिश्रण’ म्हणून ओळखले जाणारे एक जहाल रेचक ही त्याची साधने. आपल्याकडे देवाच्या नावाने उपवास करणारे पुष्कळ आहेत. पण खोगिरासाठी असे कडकडीत व्रत इतकी वर्षे चालविणारा विरळा. १८८४ मध्ये त्याची तरुण पत्नी बाळंतपणात वारली. दोन वर्षांनी, १८८६ च्या ऑक्टोबरात, केंब्रिजशायर ही शर्यत जिंकण्याचा त्याने चंग बांधला. ती त्याला कधीच लाभली नव्हती. ‘सेंट मिरिन’ ह्या घोड्यासाठी त्याने वजन आठ स्टोन सात पौंडांपर्यंत उतरविले, स्वतःचा पैसाही लावला, आणि डोक्याच्या अंतराने तो हरला. खंगलेल्या देहास विषमज्वराने गाठले. ८ नोव्हेंबरला तापाच्या भ्रमात, बहिणीच्या डोळ्यांदेखत, त्याने पिस्तूल झाडून जीव दिला. वय एकोणतीस. लोकांनी त्याच्यावर लावलेला पैसा कोट्यवधी वेळा जिंकला असेल, हरलाही असेल. त्या दिवशी मात्र लंडनच्या रस्त्यांत लोक वर्तमानपत्रांच्या ताज्या प्रतींसाठी झुंबड करून उभे होते ते पैशाच्या निकालासाठी नव्हे.

त्याच्यानंतर अमेरिकेहून १८९७ मध्ये टॉड स्लोन हा स्वार आला. रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवे होऊन तो बसे. काठीवरचे माकड म्हणून लोक प्रथम हसले, आणि तो जिंकू लागल्यावर हसणे थांबले. पैजा आणि छानछोकी ह्यांपायी त्याचा घात झाला. १९०० च्या अखेरीस जॉकी क्लबने परवान्यासाठी पुन्हा अर्ज न करण्याविषयी त्याला बजावले. लंडनच्या यमकबाज बोलीत त्याचे नाव ‘एकटा’ ह्या अर्थी उरले आहे. त्याची बैठक मात्र जगभरच्या स्वारांनी उचलली; मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर दिसते ती मुळात हीच.

निखळ प्रेम कोणास मिळाले असेल तर स्टीव्ह डॉनहू ह्यास. वॉरिंग्टनच्या एका पोलाद कामगाराचा हा मुलगा. १९१४ ते १९२३ अशी दहा वर्षे तो अग्रस्थानी होता. शेवटच्या वर्षी ते त्याला वाटून घ्यावे लागले. सहा डर्बी त्याने जिंकल्या. ‘चल रे स्टीव्ह!’ ही मैदानावरची आरोळी रस्त्यांत आणि नाटकगृहांतही ऐकू येई. हात इतका हलका की घोडा आपण होऊन धावतो असे वाटावे. आता गंमत पाहा. घोड्यांच्या धन्यांच्या लेखी हा पुरुष म्हणजे निव्वळ बेभरवशाचा. १९२१ मध्ये लॉर्ड डर्बी ह्यांच्याशी त्याचा करार होता. तरी डर्बीच्या दिवशी त्यांचा घोडा सोडून तो ‘ह्यूमरिस्ट’ ह्या दुसऱ्याच्या घोड्यावर बसला आणि जिंकला. वचनभंगाची अशी उदाहरणे पुढेही घडली. लॉर्ड लोक संतापले. टेकडीवरील लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. लॉर्डास फसविणे हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हताच, उलट त्यात त्यांस थोडी मौजच वाटत असावी. तो ‘ह्यूमरिस्ट’ काही आठवड्यांतच रक्तस्राव होऊन मेला, आणि त्याचे फुप्फुस क्षयाने पोखरलेले निघाले. असे जनावर डॉनहूने चुचकारून पार नेले, मारले नाही, हे लोक विसरले नाहीत. १९२९ ते १९३४ अशी सहा वर्षे सलग अॅस्कटची क्वीन अलेक्झांड्रा ही पावणेतीन मैलांची लांब शर्यत त्याने ‘ब्राउन जॅक’वर जिंकली. शेवटच्या वेळी घोडा दहा वर्षांचा, स्वार पन्नाशीचा. घोड्याचा शिक्षक आयव्हर अँथनी ह्यास ती शर्यत पाहवेना, म्हणून तो एका झाडाखाली पाठ फिरवून बसून राहिला. विजयाची बातमी त्याला लोकांच्या गर्जनेने कळली. पुढे रेल्वेच्या एका इंजिनास ब्राउन जॅकचे नाव देण्यात आले, डॉनहूचे नव्हे!

येथे आपल्या बाजूचा एक धागा येतो. चार्ली स्मर्क हा तोंडाळ, भांडखोर लंडनकर पोर. १९२८ मध्ये ‘वेलकम गिफ्ट’ हा घोडा सुटताना जागीच राहिला, त्याचा ठपका स्मर्कवर ठेवून त्यास पाच वर्षे मैदानबंदी करण्यात आली. बंदी उठल्यावर, १९३४ मध्ये, त्याला डर्बी जिंकून दिली ती राजपिपल्याच्या महाराजांच्या ‘विंडसर लॅड’ने. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड ह्यांचा ‘माय बाबू’ १९४८ मध्ये दोन हजार गिनींची शर्यत जिंकला तोही स्मर्कच्याच हातून. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्याने सेंट लेजर जिंकली. तेव्हा स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. आजोबांचे नाव घोड्यास द्यावे, हे आपल्याकडे कोणास रुचेल न रुचेल. डॉन्कास्टरच्या कोळसा कामगारांच्या जिभेवर मात्र ते मराठी नाव एक दिवस तरी खेळले.

गॉर्डन रिचर्ड्सविषयी थोडक्यात लिहितो, कारण सज्जन माणसाविषयी सांगण्यासारखे थोडे असते. खाणकामगाराचा मुलगा, क्षयातून उठला, सव्वीस वेळा अग्रस्थानी, ४,८७० विजय. डर्बी मात्र सत्तावीस वेळा हुकली. अठ्ठाविसाव्या वेळी, १९५३ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या आठवड्यात, ‘पिंझा’वर त्याने ती जिंकली आणि दुसरा आला तो राणीचाच ‘ऑरिओल’. राणीचा घोडा हरला म्हणून त्या गर्दीत कोणी हळहळले असेल. पण गॉर्डन जिंकला म्हणून बहुतेक सगळेच आनंदले.

लेस्टर पिगट ह्याच्या वाट्यास असे सोपे प्रेम आले नाही. बाराव्या वर्षी पहिला विजय, अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये, पहिली डर्बी, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी अॅस्कटवर धोकादायक स्वारी केल्याबद्दल मैदानबंदी. ऐकू कमी येई, बोलणे तुटक, चेहरा दगडी. नऊ डर्बी त्याने जिंकल्या. इतक्या आजवर दुसऱ्या कोणी जिंकलेल्या नाहीत. तरी लोकांच्या आठवणीत १९७२ ची डर्बी वेगळी आहे. ‘रॉबर्टो’चा ठरलेला स्वार बिल विल्यमसन हा ऑस्ट्रेलियन काही दिवस आधी पडून जखमी झाला होता. डॉक्टरांनी त्याला तंदुरुस्त ठरविले असताही अमेरिकन धनी गॅलब्रेथ ह्यांनी त्याला बाजूस सारून पिगटला बसविले. घोडा जिंकल्यास विल्यमसनलाही पिगटइतकाच वाटा देण्याचे कबूल केले. पिगटने शेवटच्या फर्लांगात चाबकाची पराकाष्ठा केली आणि ‘राइनगोल्ड’ला एका तसूने मागे टाकले. छायाचित्र पाहावे लागले, पंचांची चौकशी झाली, निकाल कायम राहिला. स्वारीच्या दृष्टीने ही त्याच्या आयुष्यातील थोर कामगिरी म्हणतात, आणि ते खरेही असेल. पण विजयी घोडा परत आला तेव्हा टाळी जवळजवळ वाजलीच नाही. त्याच दुपारी पुढे विल्यमसनने दोन शर्यती जिंकल्या, आणि त्या किरकोळ विजयांवर लोक डर्बीसाठी राखून ठेवलेला सारा जयघोष ओतून मोकळे झाले. त्या लोकांपैकी कितीएकांनी ‘रॉबर्टो’वर पैसे लावलेले होते! पिगटमुळे त्यांचे खिसे भरले होते. जमाव नेहमी पैशाच्या बाजूने असतो असे मानणाऱ्यांनी ही दुपार नीट पाहावी.

१९८७ मध्ये कर बुडविल्याबद्दल पिगटला तीन वर्षांची शिक्षा झाली. ३६६ दिवस त्याने ती भोगली, सरकारी पदवीही गेली. १९९० च्या ऑक्टोबरात, पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो पुन्हा खोगिरावर बसला आणि बाराव्या दिवशी न्यूयॉर्कच्या बेलमाँट मैदानावर ‘रॉयल अकॅडमी’वर मागून येऊन एक मैलाची मोठी शर्यत त्याने जिंकली. ज्या इंग्लंडाने १९७२ मध्ये त्याला टाळी नाकारली होती, तेच इंग्लंड आता हर्षभरित झाले. २०२२ च्या मे महिन्यात तो वारला, तेव्हा ज्यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिले होते ते त्याच्या चाबकाची, कंजूषपणाची आणि अबोलपणाची आठवण सारख्याच मायेने सांगत होते. विल्यमसन १९७९ मध्येच मेलबर्न येथे निवर्तला होता. एप्समची डर्बी त्याला कधीच मिळाली नाही.