अनंत सूर्यमंडळे कशासाठी? : मराठी विचारातील एका प्रश्नाचा मागोवा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणारा रस्ता सातपूरवरून जातो. गुरू सिंह राशीत आला म्हणजे ह्या रस्त्याने यात्रेकरूंची रीघ लागते. वैष्णव आखाडे नाशिकास रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकास कुशावर्तावर स्नान करतात. १९६२ नंतर सातपुरास औद्योगिक वसाहत उभी राहिली, रस्त्याचे रूप पालटले. पण पर्वाचा काळ आजही तो दूरचा ग्रहच ठरवितो. हा ग्रह पृथ्वीवरील माणसांस स्नानाची वेळ दाखविण्यापुरताच निर्माण झाला, की त्याच्या अस्तित्वास आपल्याशी संबंध नसलेले असे काही प्रयोजन आहे? ईश्वराने सृष्टी केली असे एकदा मानले म्हणजे हा प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्रात त्यास मिळालेली उत्तरे, आणि विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यास लागलेले सामाजिक वळण, ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

अनेक विश्वांची कल्पना मराठी मनास नवी नव्हे. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हे संबोधन ज्याच्या कानी पडले नाही असा मराठी श्रोता विरळा. भागवताच्या दशम स्कंधात वासरे पळविणारा ब्रह्मदेव शेवटी कृष्णापुढे नमतो तो असंख्य ब्रह्मांडांच्या जाणिवेने; तेथे विश्वांची अगणितता ही एका विश्वाच्या निर्मात्याचा गर्व उतरविण्यासाठी आलेली आहे. मात्र एवढी ब्रह्मांडे कशासाठी, ह्यावर परंपरेचे उत्तर असे की, ‘कशासाठी’ हा शब्दच येथे लागू पडत नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष नेमका हाच आक्षेप घेतो. प्रवृत्तीस प्रयोजन लागते आणि पूर्णकामास प्रयोजन असू शकत नाही, मग सृष्टी कशी? सिद्धान्ताचे उत्तर लीला हे आहे. शंकराचार्यांनी ह्या ठिकाणी श्वासोच्छ्वासाचा दृष्टान्त दिला आहे, तो मला राजाच्या क्रीडेच्या दृष्टान्ताहून अधिक मार्मिक वाटतो. श्वास कोणी हेतू धरून घेत नाही. उत्तर तात्त्विकदृष्ट्या भक्कम आहे. परंतु त्यातून पृथ्वीवरील व्यवहाराविषयी काहीच निष्पन्न होत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

ज्योतिष्यांनी हा प्रश्न वेगळ्याच रीतीने बाजूस ठेवला. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत आकाशकक्षेचा परिघ १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने दिला आहे. परंतु हे ब्रह्मांडाचे माप असो वा नसो, कल्पात ग्रह जेवढी योजने चालतो तेवढ्यासच पूर्वाचार्यांनी हे नाव दिले आहे, असा आपला अभिप्राय ते स्पष्ट नोंदवितात. जेथवर गणित पोचते तेथवरच बोलावे, हा हा संयम. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. त्याचा शिलालेख १२०७ च्या सुमाराचा आहे. तेथील विद्यार्थ्यांना ग्रहगती शिकविली जाई. ग्रहांचे प्रयोजन हा त्या शास्त्राचा विषयच नव्हता.

प्रयोजनाचा प्रश्न तीव्र झाला तो दुर्बिणीमुळे. १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूभोवतीचे चार चंद्र जाहीर केले आणि त्याच वर्षी केप्लरने विचारले की, पृथ्वीवरून नुसत्या डोळ्यांस न दिसणारे हे चंद्र असतील तरी कोणासाठी? त्याचे उत्तर सरळ होते : गुरूवरील रहिवाशांसाठी. पुढे टॉमस पेन ह्याने १७९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एज ऑफ रीझन’ ह्या ग्रंथात तर्क आणखी पुढे नेला. ईश्वराने एकच प्रचंड गोल न करता अनेक जगे का केली? तर त्यांच्या परस्परगतींवरूनच माणसाला गणित व विज्ञान शिकता आले, आणि प्रत्येक जगातील रहिवाशांस हाच पाठ मिळत असला पाहिजे. मग एवढ्या जगांचा स्वामी ह्या एका लहानशा ग्रहावर येऊन देह ठेवतो, ही श्रद्धा अनेक जगांच्या कल्पनेबरोबर नांदू शकत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ह्या धर्तीच्या आक्षेपास स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक टॉमस चामर्स ह्याने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांतून उत्तर दिले : दुर्बीण जसे विशाल दाखविते तसे सूक्ष्मदर्शक सूक्ष्म दाखविते, आणि थेंबातील जीवाची काळजी वाहणारा ईश्वर पृथ्वीस विसरणार नाही.

हा वाद महाराष्ट्रापासून दूरचा नव्हता. मुंबई-पुण्याचे स्कॉटिश मिशनरी चामर्सच्याच परंपरेतले. १८४३ मध्ये चामर्सच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र चर्च निघाले तेव्हा जॉन विल्सन प्रभृती त्यास मिळाले. नेमक्या त्याच काळात, १८४१ ते १८४७, जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. आणि पेनची पुस्तके त्यांनी तरुणपणीच वाचली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वादाच्या दोन्ही बाजू अशा प्रकारे एकाच विद्यार्थ्याच्या परिसरात आल्या.

‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ हा जोतीरावांचा अखेरचा ग्रंथ. पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेला हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. संवादरूप असलेल्या ह्या ग्रंथात प्रारंभीच माणसाच्या सुखाचा प्रश्न येतो, आणि निर्मीकाने अमर्याद पोकळीत अनंत सूर्यमंडळे त्यांच्या ग्रहोपग्रहांसह उत्पन्न केली, ही भूमिका मांडली जाते. फुले वाहणे, नैवेद्य, नामस्मरण ह्या गोष्टी निर्मीकास अनावश्यक आहेत, हे त्यापुढील प्रकरणांचे सूत्र. आकाशातील ग्रह माणसांस पीडा देतात ह्या समजुतीचीही तेथे स्वतंत्र प्रकरणात झडती घेतलेली आहे. शनी-मंगळाने अमक्याच्या घरी विघ्न आणावे आणि दक्षिणा दिल्याने ते टळावे, हे अनंत मंडळांच्या हिशेबात बसत नाही.

येथे पेनशी असलेले साम्य उघड आहे. तथापि हा केवळ अनुवाद म्हणणे घाईचे होईल, कारण दोघांचे प्रतिपक्ष भिन्न आहेत. पेनला अनेक जगांच्या साहाय्याने अवताराची व प्रायश्चित्ताची कल्पना खोडावयाची होती. जोतीरावांस ईश्वर व मनुष्य ह्यांच्यामध्ये उभा असलेला मध्यस्थ हटवावयाचा होता. परंपरेतील अगणित ब्रह्मांडे ब्रह्मदेवाचा गर्व उतरवितात, जोतीरावांची सूर्यमंडळे पुरोहिताचा. म्हणूनच ज्या ग्रंथात ती येतात त्याच ग्रंथात स्त्री व पुरुष सारखेच हक्कदार ठरतात, आणि एकाच कुटुंबातील माणसांनी निरनिराळे धर्म स्वीकारून गोडीने नांदावे, असेही सुचविलेले आढळते.

ह्या विचाराची एक बाजू दुबळी आहे, ती झाकून उपयोग नाही. अन्य जगांत वस्ती असणारच, हे त्या काळी बहुतेकांनी गृहीत धरले होते. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलने १८५३ मध्ये त्यास विरोध केला; गुरूची घनता इतकी कमी आहे की तेथे जीव असलेच तर अस्थिहीन, बुळबुळीत असतील, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी डेव्हिड ब्रूस्टरने त्याचे खंडन केले. गुरू हा मुख्यतः वायूंचा गोल आहे, हे आज आपण जाणतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला. त्यानंतर अन्य ताऱ्यांभोवतीच्या ५,००० हून अधिक ग्रहांची खात्री पटली, परंतु जीव एकाही ठिकाणी आढळलेला नाही. केप्लरचे उत्तर ह्यामुळे डळमळते, पेनचेही बरेचसे डळमळते. जोतीरावांच्या युक्तिवादास मात्र तितकी बाधा पोचत नाही, असे माझे मत आहे. त्याचा भार इतर जगांत कोणी राहते ह्यावर नसून, ती जगे आपल्यापैकी कोणाच्याही अधिकारासाठी निर्माण झालेली नाहीत, ह्यावर आहे. निर्जन ग्रह तर ह्या कामी वसलेल्या ग्रहाहूनही अधिक उपयोगी.

ह्या युक्तिवादाची कसोटी लागावी असा प्रसंग पुढे नाशिकातच घडला. जोतीरावांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन ३९ वर्षे झाल्यावर, २ मार्च १९३० रोजी, पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक धुरा भाऊराव गायकवाडांनी वाहिली, आणि लढा काही वर्षे चालला. सत्याग्रह्यांची भाषा हक्काची होती, खगोलाची नव्हे. पण कोटी ब्रह्मांडांचा नायक म्हणून ज्याचा जयजयकार होई, त्याच्या मंदिराचे दरवाजे त्या दिवशी बंद ठेवण्यात आले होते.